थंडाव्याची काटकसर : छोट्या स्वयंपाकघरात वर्ट निववताना

बार्लीला, म्हणजे सातूला, मोड आणून ती वाळवली आणि मंद आचेवर भाजली की तिचे माल्ट होते. हे माल्ट भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरत ठेवले असता त्यातील विकरे स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात, आणि गाळून जो गोड, मधाच्या रंगाचा द्रव हाती येतो त्याला वर्ट म्हणतात. या वर्टमध्ये हॉप्स नावाच्या वेलीची वाळवलेली फुले घालून ते तासभर खळखळून उकळतात. त्यामुळे फुलांतील कडवट द्रव्ये विरघळतात, नको ते जंतू मरतात आणि पुष्कळशी प्रथिने गोठून वेगळी होतात. शेगडी बंद होते त्या क्षणी पातेल्यात असलेला द्रव अजून बिअर नसतो. त्यात यीस्ट घातले तर ते तत्काळ मरेल इतका तो तापलेला असतो, आणि तो कोमट झाला की हवेतल्या कोणत्याही जंतूला त्याच्याइतके सकस अन्न दुसरे मिळणार नाही. १०० अंशांपासून २० अंशांपर्यंतच्या या उताराचा विचार प्रस्तुत प्रकरणात केला आहे.

मराठी घरात हा प्रश्न वेगळ्या रूपात रोज सोडवला जातो. उकळलेल्या दुधाला फार गरम असताना विरजण लावले तर ते मरते आणि फार गार झाल्यावर लावले तर दही लागत नाही, म्हणून दूध कोमट होण्याची वाट पाहिली जाते. वर्ट आणि यीस्ट यांचे नातेही असेच आहे. फरक आहे तो वेळेचा आणि आकारमानाचा. अर्धा लिटर दूध ओट्यावर आपसूक निवते आणि विरजणातील जीवाणू काही तासांतच दूध आंबट करून इतरांना वाव ठेवत नाहीत. दहा लिटर वर्ट मात्र आपसूक निवायला अख्खी रात्र लागू शकते, आणि यीस्टला त्या द्रवाचा ताबा घ्यायला पुढे आणखी काही तास लागतात.

घरी बिअर करण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत कायदा सैल झाल्यावर पसरला. ब्रिटनमध्ये १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेला कायदा फेब्रुवारी १९७९ पासून अमलात आला आणि घरच्या वापरापुरत्या बिअरला संघराज्याच्या करातून सूट मिळाली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. म्हणून येथे जे स्वयंपाकघर गृहीत धरले आहे ते ब्रिटनमधील एखाद्या लहान फ्लॅटमधले आहे, ज्यात एक सिंक, एक नळ, एक लहान फ्रीज आणि शेगडीवर दहा लिटर वर्टचे स्टीलचे पातेले आहे.

उताराचे तीन टप्पे

वर्ट लवकर निववावे असा सर्वसाधारण नियम सांगितला जातो, परंतु तो का, हे समजण्यासाठी १०० ते २० अंशांचा उतार तीन टप्प्यांत पाहावा लागतो, कारण प्रत्येक टप्प्यातला धोका निराळा आहे.

पहिला टप्पा १०० पासून सुमारे ८० अंशांपर्यंतचा. या टप्प्यात जंतूंची भीती नसते. काळजी असते ती रसायनांची. माल्टमध्ये एस-मिथाइल मेथिओनिन नावाचा पदार्थ असतो आणि उष्णतेने तो फुटून त्यातून डायमिथाइल सल्फाइड हे गंधकयुक्त संयुग तयार होते, ज्याचा वास उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा किंवा शिजत्या कोबीसारखा येतो. हे संयुग ३७ अंशांनाच उकळत असल्यामुळे वर्ट उकळत असेपर्यंत ते वाफेबरोबर निघून जाते. शेगडी बंद केल्यावर मात्र ते तयार होणे चालूच राहते आणि वाफ मंदावल्यामुळे बाहेर जाणे थांबते. फिकट रंगाच्या, कमी भाजलेल्या माल्टमध्ये मूळ पदार्थ अधिक शिल्लक असतो, म्हणून फिकट लागर बिअर करणाऱ्याला हा टप्पा झटपट ओलांडण्याची गरज जास्त असते. याच टप्प्यात हॉप्समधील आम्लांचे कडवट रूपात होणारे रूपांतरही चालू राहते. जी फुले केवळ सुगंधासाठी शेवटच्या मिनिटाला घातलेली असतात, ती गरम वर्टमध्ये तासभर पडून राहिली तर सुगंध उडतो आणि अनपेक्षित कडवटपणा मागे राहतो.

दुसरा टप्पा ८० पासून सुमारे ६० अंशांपर्यंतचा असून तो तुलनेने निर्धास्त आहे. येथे रासायनिक क्रिया मंदावलेल्या असतात आणि बिअर नासवणारे बहुतेक जंतू या तापमानात तग धरत नाहीत. तिसरा टप्पा ६० ते २० अंशांचा, आणि खरी घाई करायची ती येथे. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू, रानटी यीस्ट आणि पाण्यातून, धुळीतून येणारे इतर जीव यांना या पट्ट्यात वाढण्याची मुभा मिळते. दळलेल्या माल्टच्या पिठावर लॅक्टिक जीवाणू नेहमीच असतात, म्हणून वर्ट निवत असताना त्याच खोलीत माल्ट भरडण्याचे काम करू नये, असे अनुभवी लोक बजावतात.

लवकर निववण्याचा आणखी एक लाभ डोळ्यांना दिसतो. तापमान झपाट्याने उतरले की वर्टमधील प्रथिने आणि टॅनिन वर्गातील द्रव्ये एकमेकांना चिकटून त्यांचे फिकट तंतू आणि कण होतात, आणि नासलेल्या दुधात चोथा व पाणी वेगळे व्हावे तसे ते निवळ द्रवापासून अलग दिसू लागतात. उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस नावाचे वाळवलेले समुद्रशैवाल चिमूटभर घातले तर हे कण अधिक मोठे होऊन लवकर तळाशी बसतात. सावकाश निवलेल्या वर्टमध्ये यांपैकी काही द्रव्ये विरघळलेलीच राहतात आणि पुढे बिअर फ्रीजमध्ये ठेवली की ती गढूळ दिसते.

उष्णतेचा हिशेब

दहा लिटर वर्टचे वजन त्यातील साखरेमुळे साडेदहा किलोग्रॅमच्या आसपास भरते. एक किलोग्रॅम पदार्थाचे तापमान एका अंशाने बदलण्यासाठी जितकी उष्णता द्यावी किंवा काढावी लागते तिला त्या पदार्थाची विशिष्ट उष्माधारकता म्हणतात; पाण्यासाठी ती ४.१८ किलोजूल आहे आणि वर्टसाठी थोडी कमी, सुमारे ४ किलोजूल, धरता येते. म्हणजे वर्ट १०० वरून २० अंशांवर आणायचे तर साडेदहा गुणिले चार गुणिले ऐंशी, अर्थात सुमारे ३,३६० किलोजूल उष्णता पातेल्याबाहेर काढावी लागते. विजेच्या बिलाच्या भाषेत ही उष्णता एका युनिटाला थोडी कमी पडते. १,५०० वॅटचा गीझर सदतीस मिनिटे चालला तर जितकी उष्णता पाण्यात ओततो, तितकी येथे उलट दिशेने काढून घ्यायची असते. ज्यांच्या नावावरून जूल हे एकक आले ते जेम्स प्रेस्कॉट जूल (१८१८–१८८९) इंग्लंडमधील सॅलफर्ड येथील एका ब्रुअरी-मालकाचे पुत्र होते आणि घरच्या धंद्याची व्यवस्थाही त्यांनी पाहिली होती, हा योग या विषयाला साजेसा आहे.

ही उष्णता जाणार कोठे, हा पुढचा प्रश्न. लहान फ्रीजमध्ये गरम पातेले ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय होय. फ्रीजचे यंत्र इतकी उष्णता थोड्या वेळात बाहेर टाकण्यासाठी बनवलेले नसते, आतले दूध व भाज्या तापतात आणि पातेले तरीही तासन्‌तास कोमटच राहते. खोलीतली हवाही फारशी उपयोगाची नाही, कारण हवा उष्णता फार मंदपणे वाहून नेते. राहते ते पाणी आणि बर्फ.

येथे न्यूटनचा शीतलीकरणाचा नियम ध्यानात घ्यावा लागतो. गरम वस्तू आणि तिच्या भोवतालचे माध्यम यांच्या तापमानांत जितका फरक असेल तितक्या वेगाने ती वस्तू निवते. समजा भोवती कायम २० अंशांचे पाणी आहे आणि पहिल्या दहा मिनिटांत वर्ट १०० वरून ६० अंशांवर आले, म्हणजे ८० अंशांचा फरक निम्मा झाला. पुढच्या दहा मिनिटांत उरलेल्या ४० अंशांच्या फरकाचा निम्मा भाग जाऊन वर्ट ४० अंशांवर येईल, त्यापुढच्या दहा मिनिटांत ३० वर, मग २५ वर आणि पन्नासाव्या मिनिटाला साडेबावीस अंशांवर. पहिल्या दहा मिनिटांत चाळीस अंश आणि पाचव्या दहा मिनिटांत अडीच अंश, ही या उताराची तऱ्हा आहे. जो थंडावा आपल्याजवळ थोडा आणि महाग आहे तो सुरुवातीला खर्च करणे म्हणूनच व्यर्थ ठरते. सुरुवातीला नळाचे साधे पाणीही भरपूर काम करते, आणि खरी ओढ लागते ती शेवटच्या दहा-पंधरा अंशांना.

सिंकमधले तीन पाणी

सर्वांत साधी पद्धत म्हणजे सिंकचे भोक बुचाने बंद करून त्यात पातेले ठेवणे आणि भोवती पाणी भरणे. समजा सिंकमध्ये पातेल्याभोवती पंधरा लिटर पाणी मावते आणि नळाचे पाणी १५ अंशांचे आहे. दोन्हींचे तापमान सारखे होईपर्यंत थांबले तर पहिल्या पाण्यात वर्ट ४९ अंशांवर येऊन थांबेल, कारण पाणीही तितकेच तापलेले असेल. ते सोडून देऊन दुसरे पंधरा लिटर भरले तर वर्ट २९ अंशांच्या जवळ येते आणि तिसऱ्या पाण्यात साडेवीस अंशांवर. एकूण पाणी लागले पंचेचाळीस लिटर. हेच पंचेचाळीस लिटर एखाद्या मोठ्या टबात एकदम भरून त्यात पातेले ठेवले असते तर वर्ट साडेतीस अंशांवरच अडकले असते. पाणी तितकेच, परंतु तीन हप्त्यांत वापरल्यामुळे दहा अंशांचा लाभ झाला. कारण प्रत्येक नव्या पाण्याबरोबर तापमानांतला फरक पुन्हा उभा राहिला.

प्रत्यक्षात पाणी पूर्ण तापेपर्यंत कोणी थांबत नाही आणि थांबूही नये, कारण शेवटी शेवटी फरक नगण्य होऊन वेळ वाया जातो. हात घातल्यावर पाणी आंघोळीच्या पाण्याइतके कढत लागले की ते बदलणे हा सोयीचा मापदंड होय. या पद्धतीची मर्यादाही याच हिशेबातून कळते. नळाचे पाणी ३० अंशांचे असेल, जसे मुंबईत उन्हाळ्यात असते, तर तीन पाण्यांनंतर वर्ट साडेचौतीस अंशांवर येईल आणि कितीही पाणी ओतले तरी ३० च्या खाली जाणार नाही.

सिंकमधल्या पातेल्याबाबत एक सार्वत्रिक गैरसमज असा की स्टील उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे ॲल्युमिनिअमच्या किंवा तांब्याच्या पातेल्याशिवाय काम नीट होणार नाही. तांब्याची उष्णतावाहकता स्टेनलेस स्टीलच्या पंचवीस पटींच्या आसपास आहे हे खरे. पण पातेल्याची भिंत जेमतेम एक मिलिमीटर जाड असते आणि तिचा अडथळा किरकोळ असतो. खरा अडथळा भिंतीच्या दोन्ही बाजूंना चिकटून असलेल्या स्थिर द्रवाच्या पातळ थराचा आहे. बाहेरच्या बाजूला तापलेले पाणी पातेल्याला बिलगून बसते, आतल्या बाजूला निवलेले वर्ट भिंतीलगत साचते, आणि मधला गरम भाग तसाच राहतो. म्हणून बाहेरचे पाणी हाताने फिरवत राहणे आणि आतले वर्ट उकळत्या पाण्यात बुडवून निर्जंतुक केलेल्या लांब दांड्याच्या पळीने सावकाश ढवळणे, या दोन बिनखर्चाच्या कृतींनी निववण्याचा वेळ जितका कमी होतो तितका महागडे पातेले घेऊन होत नाही.

आकारमानाचा नियमही येथे लहान स्वयंपाकघराच्या बाजूने आहे. पातेल्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर आतला द्रव आठपट होतो, परंतु उष्णता जिथून बाहेर पडते तो पृष्ठभाग चौपटच वाढतो. चाळीस लिटरच्या भांड्यात जी युक्ती निरुपयोगी ठरते तीच पाच लिटरच्या पातेल्यात उत्तम चालते. एका वेळी थोडीच बिअर करणाऱ्याला यंत्रसामग्रीची उणीव भासत नाही याचे कारण हे आहे.

बर्फ केव्हा आणि कोठे

एक किलोग्रॅम बर्फ वितळताना, तापमान न बदलता, ३३४ किलोजूल उष्णता शोषून घेतो. या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. वितळलेले पाणी २० अंशांपर्यंत तापेपर्यंत आणखी ८४ किलोजूल घेते. या हिशेबाने दहा लिटर उकळते वर्ट केवळ बर्फाने २० अंशांवर आणायचे तर आठ किलो बर्फ लागेल, आणि इतका बर्फ लहान फ्रीजच्या कप्प्यात तयार होत नाही. परंतु आधी नळाच्या पाण्याने वर्ट ३५ अंशांपर्यंत उतरवले, तर उरलेल्या पंधरा अंशांसाठी हिशेबाने दीड किलो बर्फ पुरतो. पातेले, सिंक आणि भोवतालची हवा यांचा वाटा धरून दोन-अडीच किलो जवळ ठेवावा. नळाचे पाणी कोमट असणाऱ्या प्रदेशांत शेवटच्या उताराची सारी भिस्त या थोड्या बर्फावरच असते.

हा बर्फ पातेल्याबाहेरच्या पाण्यात टाकायचा असतो. नळाच्या पाण्याच्या बर्फात जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबतात, म्हणून असा बर्फ वर्टमध्ये टाकणे म्हणजे उकळण्याचे श्रम वाया घालवणे होय. थंडावा थेट वर्टमध्ये मिसळण्याची एक सुरक्षित रीत मात्र आहे. लहान शेगडीवर सगळे वर्ट मावत नाही तेव्हा निम्म्या पाण्यात घट्ट वर्ट उकळतात आणि उरलेले पाणी आदल्या दिवशी उकळून, झाकून फ्रीजमध्ये थंड करून ठेवतात. पाच लिटर घट्ट वर्ट सिंकमध्ये ४० अंशांपर्यंत निववून त्यात ४ अंशांचे पाच लिटर पाणी मिसळले की मिश्रण २२ अंशांच्या आसपास येते. यात फ्रीजने आदल्या रात्री सावकाश केलेले काम योग्य वेळी खर्चायला मिळते. घट्ट वर्टमध्ये हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो, एवढी एक खोट या पद्धतीत आहे, आणि ती थोडे अधिक हॉप्स घालून भरून काढतात.

तांब्याचे वेटोळे

एकदा वीस लिटरच्या आसपास वर्ट करायला लागले की सिंक अपुरे पडते आणि घरगुती ब्रुअर बुडते वेटोळे वापरू लागतो. सुमारे दहा मिलिमीटर व्यासाची, आठ ते पंधरा मीटर लांबीची तांब्याची नळी वळवून केलेले हे वेटोळे उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत वर्टमध्ये सोडून ठेवतात, म्हणजे ते आपोआप निर्जंतुक होते; मग एका टोकाने नळाचे पाणी आत जाते आणि दुसऱ्या टोकाने उष्णता घेऊन बाहेर पडते. पहिल्या मिनिटांत बाहेर पडणारे पाणी भाजण्याइतके गरम असते, म्हणून त्या टोकाची रबरी नळी सिंकमध्ये पक्की बांधावी लागते. नळी आणि तांबे यांचा सांधा पातेल्याच्या काठाबाहेर असावा, कारण सैल पट्टीतून गळणारे न उकळलेले पाणी थेंबाथेंबाने वर्टमध्ये पडले तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. वेटोळे एकाच जागी स्थिर ठेवले तर त्याभोवती निवलेल्या वर्टचा थर जमतो. ते सतत हळूहळू हलवत राहिले तर निववण्याचा वेळ पुष्कळ घटतो.

पाण्याचा खर्च ही या साधनाची दुखरी बाजू आहे. नळाचे पाणी २० अंशांचे असून सरासरीने ४५ अंशांना बाहेर पडले, तर वीस लिटर वर्टमधील उष्णता काढायला साठेक लिटर पाणी लागते, आणि शेवटचे काही अंश तर फार उधळपट्टीने मिळतात. म्हणून ४० अंशांच्या खाली आल्यावर नळ बंद करून बादलीतले बर्फाचे पाणी लहान पंपाने त्याच वेटोळ्यातून फिरवत ठेवण्याची रीत रूढ झाली आहे.

सिंकमध्ये एकाच पाण्याचे तीन हप्ते केले तसे अगणित हप्ते केले तर काय होईल, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे प्रतिप्रवाही शीतक. यात गरम वर्ट एका नळीतून एका दिशेने जाते आणि तिच्याभोवतीच्या दुसऱ्या नळीतून थंड पाणी उलट दिशेने येते. सर्वांत निवलेल्या वर्टची गाठ सर्वांत थंड पाण्याशी पडते आणि सर्वांत गरम वर्टची गाठ तापत आलेल्या पाण्याशी, त्यामुळे नळीच्या संपूर्ण लांबीवर तापमानांतला फरक टिकून राहतो. याच तत्त्वावर पातळ पत्रे एकावर एक रचून केलेला पट्टीशीतक चालतो. रिचर्ड सेलिगमन यांनी ब्रिटनमध्ये १९२३ साली दुधाच्या पाश्चरीकरणासाठी विकसित केलेले पट्ट्यांचे उष्णता-विनिमयक हे त्याचे मूळ. हातभर लांबीचे हे उपकरण काही मिनिटांत काम उरकते, परंतु हॉप्सचा चोथा त्याच्या अरुंद फटींत अडकतो आणि तो निघाला की नाही हे डोळ्यांनी पाहता येत नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने लहान स्वयंपाकघरात साधे वेटोळेच अधिक विश्वासाचे ठरते.

बशी, छप्पर आणि हिवाळा

यंत्रे येण्यापूर्वी ब्रुअऱ्यांनी जो उपाय योजला होता तो बशीत चहा ओतून पिणाऱ्या कोणालाही समजेल. वर्ट छपराखालच्या उथळ आणि अतिविस्तीर्ण हौदात पसरवून ठेवत. कूलशिप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या हौदात द्रवाची खोली कमी आणि पृष्ठभाग मोठा असल्यामुळे रात्रभरात उष्णता हवेत निघून जाई. मात्र हवा उष्णता घेऊन जाते तशी जंतू ठेवूनही जाते. ब्रसेल्समध्ये १९०० साली स्थापन झालेली कांतियों ब्रुअरी आजही लांबिक प्रकारची बिअर अशाच तांब्याच्या हौदात, ऑक्टोबरअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच्या थंडीतच निववते आणि रात्रीच्या हवेतून येणाऱ्या रानटी यीस्टवरच तिचे किण्वन सोपवते. जे इतरत्र संकट मानले जाते ते तेथे मुद्दाम आमंत्रित केले जाते, आणि तरीही ऋतूची अट पाळावीच लागते. कारण उन्हाळ्यातील उबदार हवेत वर्ट सावकाश निवते आणि नको त्या जीवाणूंचे फावते.

बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास बंदी घालण्यात आली होती, तिच्यामागेही उन्हाळ्यात बिअर नासते हाच अनुभव होता. नासण्याचे कारण लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिअरवरील ग्रंथात सूक्ष्मजीवांच्या आधारे उलगडले. उकळलेले वर्ट बाहेरच्या हवेचा संपर्क टाळून बंद भांड्यात निववण्याच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट त्यांना १८७३ मध्येच मिळाले होते. त्याच दशकात कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्राचे प्रयोग म्यूनिकमधील श्पाटेन ब्रुअरीत झाले, आणि हिवाळ्याची वाट पाहण्याचे कारण हळूहळू संपले. घरगुती फ्रीजच्या पूर्वजांपैकी एक यंत्र बिअर थंड ठेवण्यासाठी घडले, आणि तोच फ्रीज उकळत्या वर्टपुढे हात टेकतो, ही यातली गंमत आहे.

न निववण्याची पद्धत

ऑस्ट्रेलियात, जेथे दुष्काळी वर्षांत बागेला पाणी घालण्यावरही निर्बंध येतात, घरगुती ब्रुअरांनी पाण्याचा प्रश्नच बाजूला सारणारी एक रीत रूढ केली. उकळते वर्ट जाड, उष्णता सोसणाऱ्या एचडीपीई प्लास्टिकच्या चौकोनी डब्यात काठोकाठ भरतात, हवा दाबून काढतात, झाकण घट्ट लावून डबा क्षणभर आडवा करतात म्हणजे झाकणाची आतली बाजूही उकळत्या वर्टने निर्जंतुक होते, आणि मग तो रात्रभर आपसूक निवू देतात. काचेच्या बाटलीत हे कदापि करू नये, कारण अचानक तापल्याने काच तडकते.

या पद्धतीत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. वर्ट ८० अंशांच्या वर बराच वेळ राहत असल्याने सुगंधासाठीचे हॉप्स नेहमीपेक्षा पंधरा-वीस मिनिटे उशिरा घालावे लागतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बोटुलिझम या विषबाधेला कारणीभूत असणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जीवाणूचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, त्यांना प्राणवायूविरहित जागा लागते आणि ४.६ पेक्षा जास्त सामू असलेला द्रव चालतो. वर्टचा सामू ५ च्या थोडा वर असतो. त्यामुळे बंद डबा आठवडेच्या आठवडे साठवून ठेवणे धोक्याचे असून तो निवताच, म्हणजे दुसऱ्या दिवशी, यीस्ट घालणे हाच मार्ग आहे. यीस्ट कामाला लागले की सामू झपाट्याने उतरतो आणि हा धोका दूर होतो.

शेवटचे काही अंश

सिंकमधले पातेले उचलण्याची वेळ हीच चूक होण्याची वेळ असते. वाफ मंदावल्यावर झाकण ठेवलेले असले तरी आतली हवा निवून आकसते आणि काठाच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून झाकणाभोवती निर्जंतुक द्रावणात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके गुंडाळून ठेवणे हिताचे. सिंकमधील पाण्याची पातळी पातेल्याच्या काठापासून चार बोटे खाली असावी. पातेले उचलल्यावर त्याच्या बाहेरच्या अंगाला सिंकचे पाणी निथळत असते, आणि वर्ट ओतण्यासाठी पातेले कलते केले की तेच पाणी काठावरून ओघळून वर्टबरोबर किण्वनपात्रात जाते. उष्णता, बर्फ आणि वेळ यांचा सारा हिशेब बरोबर येऊनही बिअर आंबट होण्याचे कारण कधी कधी इतके लहान असते. ओतण्यापूर्वी पातेले कोरड्या, स्वच्छ फडक्याने तळापासून काठापर्यंत पुसणे हा त्यावरचा उपाय.

ओतताना वर्ट थोड्या उंचीवरून, फेस येईल असे ओतावे. यीस्टला आपल्या पेशींचे आवरण घडवण्यासाठी आरंभी प्राणवायू लागतो. उकळीत तो निघून गेलेला असतो, आणि निवलेल्या द्रवात तो गरम द्रवापेक्षा अधिक विरघळतो. एल प्रकारच्या यीस्टसाठी १८ ते २० अंश आणि लागरसाठी ८ ते १२ अंश हे तापमान योग्य ठरते. ३० अंशांच्या पुढे यीस्ट जोमाने वाढते खरे, पण मग बिअरला स्पिरिटसारखा उग्र वास येतो. विरजण लावताना करंगळीने कोमटपणा जोखणाऱ्या हाताला येथे तापमापकाची जोड द्यावी लागते, कारण २० आणि ३० अंशांमधला फरक बोटाला नीटसा कळत नाही आणि यीस्टला मात्र चांगलाच कळतो.

यीस्ट पडल्यावर पसारा उरतो तो गाळण्याच्या पिशवीचा, पळ्यांचा, चिकट ओट्याचा आणि माल्टच्या चोथ्याने माखलेल्या भांड्याचा. ही धुणी थंड पाण्यात निघत नाहीत. सिंकमधले पहिले पंधरा लिटर पाणी पन्नास अंशांच्या घरात तापलेले असते, आणि ते मोरीत सोडून न देता बादलीत काढून ठेवले असेल तर वर्टने टाकलेली निम्म्याहून अधिक उष्णता त्या बादलीत जमा असते; ती धुण्याला पुरते आणि गीझर लावावा लागत नाही.